ओवीचे कौतुक, कराराचा विसर

१

ख्रिस्ती मराठी वाङ्मयाविषयी लिहू पाहणाऱ्या समीक्षकासाठी एक मळलेली वाट आहे. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले, त्यांनी येथील भाषा आत्मसात केली, १६१६ मध्ये त्यांचे 'ख्रिस्तपुराण' रायतूरला छापले गेले आणि त्यात त्यांनी मराठीची थोरवी गाणाऱ्या काही ओव्या लिहिल्या. त्या ओव्या उद्धृत करायच्या, ज्ञानेश्वरांचे स्मरण करायचे, एका परकीयाच्या मराठीप्रेमाने भारावून जायचे आणि पुढच्या ग्रंथकाराकडे वळायचे. हे पुढचे ग्रंथकार म्हणजे अर्थातच रेव्हरंड नारायण वामन टिळक. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, हे त्यांचे सुप्रसिद्ध निवेदन येथे हाताशी असतेच. पुलाची लांबी-रुंदी मोजून झाली की समीक्षेचे काम संपते. तो पूल ज्या काठाला टेकला आहे, त्या काठावर उतरण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही.

या रीतीला गौरवाचे स्वरूप आहे. परंतु हा गौरव म्हणजे वस्तुतः वाचनाला दिलेला नकार आहे. ख्रिस्ती ग्रंथकाराने ओवी लिहिली, अभंग रचला, कीर्तन केले की तो 'आपला' ठरतो. आणि आपला ठरला की त्याने ओवीत काय सांगितले, हा प्रश्न गौण होतो. ख्रिस्तभक्ती म्हणजे नाव बदललेली विठ्ठलभक्तीच, असे गृहीत धरून आपण या वाङ्मयातील मराठीपण मोजत आलो. त्याचे ख्रिस्तीपण मात्र आपण 'धर्मप्रचार' या खात्यात टाकून हिशेबातून वजा केले. प्रस्तुत लेखात असे प्रतिपादन करावयाचे आहे, की हे ख्रिस्तीपण म्हणजे ग्रंथात घातलेला मतांचा मजकूर नव्हे. ती बायबलमधून आलेली विचार करण्याची एक रीत आहे. ग्रंथाचा घाट तिने ठरतो आणि श्रद्धावानाचा दिवसही तिनेच ठरतो. ती वजा केली तर हाती ओवी उरते. ग्रंथ उरत नाही.

२

'जुना करार' आणि 'नवा करार' ही नावे आपण इतक्या सहजपणे उच्चारतो, की त्यांतील नवल ध्यानात येत नाही. पुराण, संहिता, गीता, सूत्र असे कितीतरी शब्द उपलब्ध असताना मराठी बायबलच्या दोन्ही भागांवर नाव आहे ते दप्तरातल्या आणि दरबारातल्या एका शब्दाचे. करार दोन पक्षांत होतो. त्याला प्रसंग असतो, साक्षीदार असतात. तो पाळला जातो किंवा मोडला जातो. देव आणि माणूस यांचे नाते तत्त्वज्ञानाच्या परिभाषेत न सांगता घडलेल्या प्रसंगाच्या आणि दिलेल्या वचनाच्या परिभाषेत सांगणे, हे बायबली विचाराचे पहिले लक्षण होय. येथे स्मरण हा केवळ भावनेचा विषय राहत नाही. ते कर्तव्य बनते. विसरणे म्हणजे करार मोडणे.

यातूनच काळाची एक विशिष्ट जाणीव येते. एरिक ऑएरबाखने 'फिगुरा' (१९३८) या निबंधात आणि पुढे 'मिमेसिस' (१९४६) या ग्रंथात ज्या प्रतिरूपविचाराचे विवेचन केले, तो मराठी समीक्षेने खरे तर केव्हाच कामाला लावायला हवा होता. एकनाथांच्या भारुडातला विंचू हे रूपक आहे; अर्थ उमगला की विंचवाची गरज संपते, असा विंचू कधी कोणाला चावला होता का असे कोणी विचारीत नाही. प्रतिरूपाचे तसे नाही. इस्राएल लोकांनी तांबडा समुद्र ओलांडणे हे ख्रिस्ती वाचकासाठी बाप्तिस्म्याचे प्रतिरूप आहे. पण तो समुद्र खरोखर ओलांडला गेला, या विश्वासावाचून ते उभेच राहत नाही. आधीची घटना खरी, नंतरची घटनाही खरी, आणि आधीचीचा अर्थ नंतरचीत पुरा होतो, अशी ही रीत आहे.

आता 'ख्रिस्तपुराणा'कडे पाहावे. त्याचे 'पहिले पुराण' ३६ अवस्वरांचे आणि 'दुसरे पुराण' ५९ अवस्वरांचे आहे. पहिल्यात सृष्टीच्या उत्पत्तीपासून संदेष्ट्यांपर्यंतची कथा येते, दुसऱ्यात ख्रिस्ताचे चरित्र. जुन्या-नव्या कराराचे हे सरळ अनुसरण आहे, हे कोणीही सांगेल. परंतु आपल्या पुराणांच्या रचनेशी ताडून पाहिले, की त्याचे मर्म कळते. आपल्याकडे युगे फिरून फिरून येतात, अवतार पुनःपुन्हा होतात, आणि एक पुराण दुसऱ्या पुराणाची वाट पाहत नाही. स्टीफन्स यांचे पहिले पुराण मात्र सर्वस्वी वाट पाहणारे पुराण आहे. ते स्वतःत पुरे होऊ नये अशीच त्याची रचना आहे. पुराण हे नाव घेऊन पुराणाच्या कालकल्पनेला आतून दिलेला हा छेद आहे. मराठीच्या थोरवीच्या ओव्यांवर थांबणाऱ्या वाचकाला तो दिसणे शक्य नाही.

तिसरे लक्षण साक्षीचे. मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत 'साक्ष देणे' हा रूढ शब्दप्रयोग आहे. श्रद्धावान उभा राहतो, आपल्या आयुष्यात काय घडले ते इतरांसमोर सांगतो आणि ऐकणाऱ्याकडून निर्णयाची अपेक्षा करतो. बाबा पदमनजींचे 'अरुणोदय' या साक्षीचाच विस्तार आहे. संतांनीही आत्मनिवेदन केले आहे, तेव्हा यात नवीन काय, असे कोणी विचारील. बहिणाबाईंचे आत्मनिवेदन समोर ठेवावे. त्या आपल्या मागील जन्मांची हकीगत सांगतात. या जन्मीचे भोग आणि या जन्मीची कृपा त्या दीर्घ साखळीत अर्थपूर्ण होते. पदमनजींच्या हाती एकच जन्म आहे, आणि त्यात १८५४ या सालचा बाप्तिस्मा अलीकडचे आणि पलीकडचे आयुष्य दुभागतो. दोन्ही निवेदने थोर असू शकतात; पण दोन्हींत 'मी' या सर्वनामाचा अर्थ एक नाही. मराठी आत्मचरित्राचा इतिहास लिहिताना हा भेद न नोंदवणे ही लहानसहान चूक नव्हे.

३

ही रीत ग्रंथांपुरतीच असती तर तिची दखल वाङ्मयेतिहासाच्या एखाद्या तळटीपेत घेऊन भागले असते. पण बायबल आयुष्यावर हक्क सांगते. होमर आपल्याला काही काळ आपले जग विसरायला लावतो आणि बायबल आपले जग त्याच्या जगात बसवून घ्यायला भाग पाडते, हे ऑएरबाखचे निरीक्षण येथे आठवते.

'अनुवाद' या पुस्तकाचा २६वा अध्याय पाहावा. शेतकरी पहिल्या पिकाची टोपली घेऊन वेदीपाशी येतो. त्याने म्हणावयाचे असते ते पावसापाण्याविषयी नव्हे. आपला पूर्वज भटका होता, तो मिसर देशात उपरी म्हणून राहिला, तेथे आमचा छळ झाला, आम्ही हाक मारली आणि आम्हाला सोडवण्यात आले, असे त्याने म्हणावयाचे आहे. 'तो'पासून सुरू झालेले वाक्य 'आम्ही'वर येते. शेकडो वर्षांपूर्वीची गुलामी टोपली वाहणाऱ्याची स्वतःची होते. लगेच पुढे आज्ञा येते, की उत्पन्नाचा वाटा लेवी, उपरी, पोरका आणि विधवा यांना पोचला पाहिजे. इतिहास आठवणे आणि भाकरीचा वाटा देणे या येथे दोन गोष्टी नाहीत. मुंबई परिसरातील ईस्ट इंडियन समाज आगेऱ्याच्या सणाला नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये आशीर्वादासाठी आणतो. यात नवान्नाची जुनी चाल आहेच. परंतु जिथे त्या लोंब्या ठेवल्या जातात, तिथे 'अनुवादा'तील ती टोपलीही आहे. एकच थर पाहणारा अभ्यासक अर्धा सण पाहतो.

'उपरी' हा शब्द मराठी बायबलने निवडला, याचेही महत्त्व कळायला हवे. मिरासदार आणि उपरी हा भेद आपल्या गावगाड्याला पुरता परिचित होता. गावात कसणारा, पण गावात वतन नसलेला तो उपरी. देवाच्या कराराने ज्याला संरक्षण दिले, त्याला या मातीतले नेमके नाव मिळाले. 'यमुनापर्यटन' (१८५७) या कादंबरीकडे या बाजूने कोणी पाहिले आहे काय? भालचंद्र नेमाडे यांनी मराठी कादंबरीच्या वास्तववादी प्रवृत्तीचे मूळ या कृतीत शोधले, हे योग्यच झाले. परंतु तिच्यातील वास्तव तेवढे आपले आणि उपदेश मिशनचा, ही वाटणी टिकणारी नाही. यमुना ज्या विधवांच्या कहाण्या ऐकत फिरते, त्या केवळ १८५६ च्या पुनर्विवाहाच्या कायद्याभोवतीच्या चर्चेतून आलेल्या नाहीत. त्या उपरी, पोरका, विधवा या त्रयीतूनही आल्या आहेत. उपदेश ज्या ठिकाणाहून बोलतो, त्याच ठिकाणाहून ते वास्तव दिसलेले आहे.

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'चेही असेच झाले. त्यांचा विनोद, त्यांची निरागस भाषा यांचे कौतुक झाले; ते यथार्थही आहे. पण त्या पुस्तकाच्या गाभ्याशी पाण्याचा प्रश्न आहे. कोणाच्या हातचे पाणी प्यावे या एका प्रश्नापाशी लक्ष्मीबाईंचे संस्कार आणि त्यांची नवी दृष्टी यांचा झगडा होतो. जाती देवाने केल्या की माणसाने, असे त्या स्वतःला विचारतात, आणि उत्तर सापडताच शिवाशीव गळून पडते. याला आपण 'मानवतावाद' म्हणून मोकळे झालो. वस्तुतः हा सृष्टिकर्त्यापासून निघालेला युक्तिवाद आहे. 'उत्पत्ती'च्या पहिल्या अध्यायापासून घरातल्या पाण्याच्या तांब्यापर्यंत तो सरळ पोचतो, आणि तोही १९०० मधील त्यांच्या बाप्तिस्म्याआधी. दैनंदिन जीवनाला विचारपद्धती घडवते म्हणजे काय, याचे इतके स्वच्छ उदाहरण मराठीत दुसरे क्वचितच सापडेल.

४

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की 'बायबली विचार' आणि 'भारतीय विचार' असे दोन गठ्ठे बांधणे हा जुना पौर्वात्यवाद झाला. आक्षेप गंभीर आहे. हिब्रू मन आणि ग्रीक मन असे भेद व्याकरणावरून काढणाऱ्यांची जेम्स बार याने 'द सिमँटिक्स ऑफ बिब्लिकल लँग्वेज' (१९६१) मध्ये घेतलेली हजेरी विसरून चालणार नाही. म्हणूनच येथे मनाविषयी वा वंशाविषयी काहीच म्हटलेले नाही. करार, प्रतिरूप, साक्ष या शिकलेल्या आणि शिकवलेल्या रीती आहेत. त्या कोणालाही आत्मसात करता येतात आणि कोणाच्याही हातून सुटतात.

दुसरा आक्षेप देशीवादी आहे. रूप देशी असले की आशयही देशी होतो, स्टीफन्स यांनी स्वर्गाला 'वैकुंठ' म्हटले तेव्हाच तो निकाल लागला, असे म्हणता येईल. याला उत्तर पंडिता रमाबाईंनी देऊन ठेवले आहे. संस्कृतात पारंगत असलेल्या या विदुषीने हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणले. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्याची छपाई झाली आणि १९२२ मध्ये रमाबाईंचे निधन झाल्यावर १९२४ मध्ये ते प्रसिद्ध झाले. वेदान्ताचा आणि पुराणांचा वास असलेले संस्कृत शब्द त्यांनी कटाक्षाने टाळले. शब्दाबरोबर विचार येतो, हे त्यांना भाषाशास्त्राच्या पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. ज्या परंपरेतून त्या बाहेर पडल्या, तिचे शब्द काय करतात हे त्या जाणून होत्या. 'वैकुंठ' स्वीकारणारे स्टीफन्स आणि तसे शब्द नाकारणाऱ्या रमाबाई ही ख्रिस्ती मराठीतली दोन टोके आहेत आणि त्यांच्यातील वाद हा भाषांतरमीमांसेचा अव्वल दर्जाचा वाद आहे. आपण पहिल्याला डोक्यावर घेतले आणि दुसरीच्या ग्रंथाला मराठी गद्याच्या इतिहासात जागाच दिली नाही. कारण उघड आहे. स्टीफन्स आपल्याला आपलेच रूप दाखवतात असे आपल्याला वाटते. रमाबाई तसे वाटू देत नाहीत.

५

दोष एकाच बाजूचा नाही. चर्चच्या अंगणातूनही या वाङ्मयाचे थोडे नुकसान झालेले नाही. बायबल म्हणजे सुविचारांचे कोठार, हवा तो प्रसंग उघडावा आणि बोधवचन काढावे, ही प्रवचनांची सवय कराराच्या सलग कथेचे तुकडे करते. त्याहून वाईट म्हणजे करार तोंडी असताना आचरण मिरासदारीचे राहिले. गोव्यातील चर्चच्या कॉन्फ्रारिया जातवार चालत, हे इतिहासाला ठाऊक आहे. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन स्थापन झाले, तेव्हा उपऱ्याविषयीची आज्ञा कोणत्या पानावर होती, असा प्रश्न विचारावाच लागतो. पण तो विचारण्याची रीतही बायबलमध्येच आहे. आमोसाने आपल्याच लोकांच्या सणांचा आणि यज्ञांचा धिक्कार केला. परक्यांच्या देवळांवर बोलून तो थांबला नाही. स्वतःच्या उपासनेवर खटला भरणे हा कराराचाच भाग आहे. ज्या ख्रिस्ती विद्वानांना आपले वाङ्मय केवळ 'देशी' म्हणून मान्य व्हावेसे वाटते, ते ही धारच बोथट करून देऊ करीत आहेत.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबाद येथील साहित्यसंमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा धर्मगुरूने त्या आसनावर बसावे की नाही, यावर वाद झडला. ज्या 'सुबोध बायबल'ला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला होता, ते वाचून त्या वादात कितीजणांनी लेखणी उचलली? २०२४ मध्ये दिब्रिटो गेले. प्रश्न आपल्याकडेच राहिला आहे.

तेव्हा मागणी साधी आहे. 'ख्रिस्तपुराण' शिकवताना पहिल्या पुराणातील एक आणि दुसऱ्या पुराणातील एक असे दोन अवस्वर समोरासमोर ठेवून शिकवावेत. 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती 'उत्पत्ती'चा पहिला अध्याय द्यावा. रमाबाईंचे भाषांतर पदव्युत्तर अभ्यासक्रमात मराठी गद्य म्हणून नेमावे. महाभारत न वाचता मोरोपंतांवर प्रबंध लिहिण्याची परवानगी कोणताही मार्गदर्शक देणार नाही. जुना करार न वाचता टिळकांवर आणि त्यांच्या 'ख्रिस्तायना'वर लिहिण्याची परवानगी मात्र आपण सर्रास देतो. ती आता बंद व्हावी.