आमोसने खटला कोणावर भरला?

बायबलच्या जुन्या करारातल्या संदेष्ट्यांबद्दल दोन मते सर्रास ऐकू येतात. बुद्धिवादी म्हणतात, ही एका रागीट देवाची शापवाणी आहे. पूजेत कसूर झाली की नगरे जाळणारा हा देव आजच्या माणसाच्या काय कामाचा? भाविक तीच वाणी डोक्यावर घेतात, पण तिचा रोख कायम परक्यांकडे वळवतात: अमक्या देशात भूकंप झाला, तमक्या शहरात महापूर आला, कारण तिथले लोक पापी. हे दोघे एकमेकांचे कट्टर विरोधक असले, तरी मूळ आरोपपत्र वाचण्याचे कष्ट दोघांनीही घेतलेले नाहीत. ते वाचले तर दोन्ही मते कोलमडतात.

ज्यांच्या नावाचे ग्रंथ आहेत अशा संदेष्ट्यांत आमोस बहुधा सर्वांत जुना. तो यहूदा राज्यातल्या तकोवा गावचा. हे गाव यरुशलेमच्या दक्षिणेला सुमारे १६ किलोमीटरवर आहे. मेंढरे पाळणे आणि उंबरांची निगा राखणे हा त्याचा पोटापाण्याचा उद्योग. इसवी सनपूर्व आठव्या शतकाच्या मध्याला, दुसरा यराबाम राज्य करीत असताना, तो उत्तरेच्या इस्राएल राज्यात गेला आणि तिथे बोलला. राज्य भरभराटीला आलेले होते. शोमरोन या राजधानीच्या उत्खननात हस्तिदंती कोरीवकामाचे तुकडे मोठ्या संख्येने सापडले, तसेच १९१० साली खापऱ्यांवर शाईने लिहिलेल्या, जुना द्राक्षारस आणि उंची तेल कुठून आले याच्या नोंदीही मिळाल्या. हस्तिदंती पलंगांवर लोळणाऱ्यांवर आमोसने झोड उठवली, ती हवेतली नव्हती.

आता पहिला आक्षेप घेऊ. देव पूजेत कसूर झाल्यामुळे रागावला म्हणे! पूजेला तर ऊत आला होता. बेथेल आणि गिलगालची देवस्थाने यज्ञांनी, दशमांशांनी, वाद्यांच्या गजराने दुमदुमत होती. आमोस सांगतो की देवाला नेमका याच उत्सवांचा तिटकारा आला आहे. त्याने लावलेली कलमे बाजारातली आणि चावडीवरची आहेत. चपलांच्या जोडापायी गरिबाला विकले जाते. माप लहान, वजन जड, तराजू खोटा, गव्हात भुसकट. सण आणि शब्बाथ एकदाचा संपो, म्हणजे पुन्हा दुकान उघडून लुबाडता येईल, अशी व्यापाऱ्याला घाई. वेशीवरच्या न्यायसभेत लाच चालते आणि दुबळ्याला हुसकून लावले जाते.

यातले एक कलम जरा जवळून पाहण्यासारखे आहे. गरिबाचे पांघरूण गहाण घेतले तर ते सूर्यास्तापूर्वी परत करावे, असा इस्राएली धर्मशास्त्राचा नियम. कारण रात्री अंगावर घ्यायला त्याच्याकडे दुसरे काही नसते. आमोसच्या आरोपाप्रमाणे धनको लोक देवळात, वेदीशेजारी, त्याच गहाण वस्त्रांवर आडवे होत. हा अलंकारिक अतिरेक वाटत असेल तर १९६० साली भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यालगत एका किल्ल्याच्या अवशेषांत सापडलेली खापरी आठवावी. आमोसनंतर शतकाहून अधिक काळाने, इसवी सनपूर्व सातव्या शतकात, कापणीच्या एका मजुराने अधिकाऱ्याकडे केलेला अर्ज तिच्यावर लिहिलेला आहे. ठरलेले काम मी पुरे केले, तरी होशायाहूने माझे वस्त्र काढून नेले. बरोबरचे कापणीवाले साक्ष देतील. माझे वस्त्र परत मिळवून द्या. एका वस्त्रासाठी माणसाला असा अर्ज करावा लागतो, त्या माणसाची बाजू घेऊन देव राजधानीला जाब विचारतो. या देवाला सूडबुद्धीचा ठरवणाऱ्याने आधी सांगावे, मजुराच्या तक्रारीवर न रागावणारा देव त्याला अधिक भला वाटला असता काय?

भाविकांचा रोख परक्यांवर असतो, त्याचे उत्तर ग्रंथाच्या सुरुवातीलाच आहे. आमोस दिमिष्क, गज्जा, सोर, अदोम, अम्मोन, मवाब या शेजाऱ्यांचे गुन्हे एकामागून एक मोजतो. श्रोते खूश होत असणार. मग यहूदा येतो आणि शेवटी घाव पडतो तो थेट श्रोत्यांवर, इस्राएलवर. शेजाऱ्यांवरचे आरोपही नीट पाहावेत: मवाबवरचा आरोप हा की त्याने अदोमच्या राजाची हाडे जाळली. यात इस्राएलचे काहीच नुकसान झालेले नव्हते. अपराध माणुसकीविरुद्ध होता, म्हणून देवाने दखल घेतली. आणि निवडलेले लोक म्हणून सूट मिळेल ही आशा आमोस मुळातूनच खुडतो: तुम्हांलाच जवळ केले, म्हणून शिक्षाही तुम्हांलाच. दूरदेशीचे कूशी लोकही देवाला इस्राएलइतकेच जवळचे. पलिष्ट्यांना आणि अरामींनाही त्यानेच त्यांच्या देशी आणले. आपल्या राष्ट्राचे देवाशी खास नाते आहे असे छातीठोकपणे सांगणाऱ्या कोणत्याही देशाला हे झेपेल का?

दुष्काळ, टोळधाड, रोगराई ही इशारे म्हणून पाठवली, असे आमोस म्हणतो हे खरे. १९३४ च्या बिहारच्या भूकंपाला गांधीजींनी अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा म्हटले, तेव्हा रवींद्रनाथ ठाकुरांनी जाहीर विरोध केला. भूकंपाच्या कारणाबाबत मी निःसंशय रवींद्रनाथांच्या बाजूचा आहे. पण गांधीजींनीही बोट स्वतःच्याच समाजाकडे दाखवले होते, हे आजचे आपत्तीचे भाष्यकार सोयीस्करपणे विसरतात. आणि आमोसच्या आरोपपत्रातून दुष्काळ वगळला तरी खोटा तराजू खोटाच राहतो. खटला पावसावर उभा नाही.

आमोसला लोकांच्या नाशात आनंद होता, हेही खोटे. टोळधाडीचा आणि अग्नीचा दृष्टान्त होताच तो देवाला विनवतो, याकोब (म्हणजे इस्राएल) इतका लहान, तो कसा तग धरील? आणि देव दोन्ही वेळा हात आवरतो.

एक आक्षेप मात्र मी हलका मानत नाही. शोमरोन इसवी सनपूर्व ७२२ च्या सुमारास अश्शूरी सत्तेपुढे पडले. सम्राट सार्गोनने २७,२९० लोक हद्दपार केल्याची नोंद करून ठेवली आहे. त्यांत ज्यांची पांघरुणे गहाण पडली तेही असतील. मग न्याय कुठे उरला? आमोसने हद्दपारीत पहिले नाव चैनीत लोळणाऱ्यांचे घेतले होते, पण त्यामुळे गरिबाची फरपट कमी होत नाही. वेशीवरचा न्याय विकला गेला की राज्य आतून पोकळ होते आणि कोसळताना आधी लुबाडलेल्यांनाच पुन्हा चिरडते. म्हणूनच तो वेळ असताना ओरडत होता.

बेथेलचा याजक अमस्या याने राजाला कळवले की हा माणूस फितुरी करतो. मग त्याने आमोसला निघून जायला सांगितले: यहूदात जा, तिथे भाकर खा, इथे बोलू नकोस, हे राजाचे देवस्थान आहे. अमस्याने एकही आरोप खोडला नाही. वजने खरी आहेत किंवा गहाण वस्त्रे परत केली आहेत, असे तो म्हणाला नाही. आमोस परक्यांबद्दल बोलत असता तर त्याला बेथेलहून हाकलण्याची गरजच पडली नसती.