पत हेच भांडवल

मुलुंडच्या लालबहादूर शास्त्री मार्गावर, म्हणजेच जुन्या आग्रा रोडवर, एकेकाळी कारखान्यांची रांग होती. पाळी सुटली की कामगारांनी रस्ता फुलून जाई. आज त्यांपैकी कितीतरी जागांवर मॉल आणि टोलेजंग निवासी इमारती उभ्या आहेत. या स्थित्यंतरातही एक मराठी नाव या मार्गावर टिकून आहे, ते एस. एच. केळकर आणि कंपनीचे. १९२२ साली मुंबईत सुरू झालेल्या सुगंधी द्रव्यांच्या या व्यवसायाने शंभरी ओलांडली असून २०१५ मध्ये तो शेअर बाजारातही दाखल झाला. १९८४ साली सुरू झालेले मुलुंड पूर्वेचे वझे-केळकर महाविद्यालय घरोघरी ठाऊक असते. त्या केळकर नावामागचा उद्योग मात्र फार थोड्यांना ठाऊक असतो.

सुगंधाचा धंदा लहान उद्योजकाला बरेच काही शिकवतो. साबणाच्या किंवा उदबत्तीच्या किमतीत सुगंधाचा वाटा थोडा असतो. पण गिऱ्हाईक पुन्हा तीच पुडी मागते ते त्या वासासाठी. अनेक घटक काटेकोर मोजून एक मिश्रण सिद्ध होते. नैसर्गिक तेलांचा गुण हंगामागणिक बदलतो, तरीही यंदाचा गंध गेल्या वर्षीसारखाच यावा लागतो. तो बदलला तर उदबत्तीवाल्याचे गिऱ्हाईक तुटते आणि पाठोपाठ उदबत्तीवालाही तुटतो. नमुना आणि माल यांत अंतर पडू न देणे, हा उद्योगाचा पहिला धडा. दुसरा धडा असा की, मोठ्या कारखानदाराबरोबरच लहान उत्पादकालाही माल देत राहावे. ज्याचे दुकान एकाच बड्या ग्राहकावर चालते, तो नावाचाच मालक असतो.

हा दुसरा धडा किती महाग पडतो, ते पाहायचे असेल तर मुलुंड चेकनाका ओलांडून वागळे इस्टेटमध्ये जावे. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची ही पहिली वसाहत. अशा वसाहतींतील गाळ्यांत दोन-चार यंत्रे आणि आठ-दहा कामगार घेऊन काम करणाऱ्या उद्योजकाचे दुःख बहुधा ऑर्डर नसण्याचे नसते. माल गेला, पैसे आले नाहीत, हे ते दुःख असते. कामगारांचा पगार ठरल्या तारखेला द्यावा लागतो, विजेचे बिल थांबत नाही. मालाचे बिल फाडले की वस्तू व सेवा कर भरावा लागतो, मग ग्राहकाने पैसे दिलेले असोत वा नसोत. वहीत नफा दिसतो आणि गल्ल्यात खडखडाट असतो. अशा वेळी घरातले दागिने बँकेत जातात आणि ‘नोकरी काय वाईट होती?’ हा प्रश्न जेवणाच्या पानावर येतो.

कायदा या उद्योजकाच्या बाजूने आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसंबंधीच्या २००६ च्या कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी फार तर ४५ दिवसांत चुकते केले पाहिजेत. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज देणे बंधनकारक आहे. तक्रारीसाठी २०१७ मध्ये ‘समाधान’ ही संगणकीय व्यवस्थाही आली. परंतु तक्रार करायची कुणाविरुद्ध? ज्याच्या पुढच्या ऑर्डरवर चूल पेटायची, त्याच्याचविरुद्ध! म्हणूनच हक्क कागदावर राहतो आणि लहान उद्योजक हात जोडून हिशेब खात्याच्या पायऱ्या झिजवत राहतो.

येथे थोडे आत्मपरीक्षण हवे. ते हिशेब खाते कोण चालवते? बड्या कंपन्यांत, बँकांत, सरकारी कार्यालयांत बिलावर सही करणारी माणसे आपल्याच मध्यमवर्गीय घरांतली आहेत. मराठी तरुणाने नोकरीमागे न धावता उद्योगात उतरावे, अशी भाषणे आपण आवडीने ऐकतो, टाळ्याही वाजवतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच तरुणाचे बिल ‘साहेब रजेवर आहेत’ म्हणून बाजूला सारतो. सोसायटीचे रंगकाम करणारा, लग्नातला केटरर, कोपऱ्यावरचा छापखानावाला यांच्या बाबतीतही आपले वर्तन फारसे वेगळे नसते.

उद्योजकाने दिलेला शब्द पाळावा, ही अपेक्षा रास्तच आहे. पण पत एका हाताने उभी राहत नाही. माल वेळेवर देणारा आणि पैसे वेळेवर देणारा, दोघे मिळून ती उभी करतात. आपल्या टेबलावर आज एखाद्या लहान कारखानदाराचे बिल पडले असेल, तर ते आजच पुढे सरकवावे. उद्योगाला उत्तेजन देण्याचा याहून सोपा मार्ग नाही आणि त्याला एक पैसाही जादा लागत नाही.