पन्नाशीतले सा रे ग म

"एखादा छंद लावून घ्या," हे वाक्य गेल्या पंचवीस वर्षांत मी किती रुग्णांना ऐकवले असेल, याची मोजदाद नाही. झोप लागत नाही, छातीत धडधडते, पण कार्डिओग्राम आणि रक्ताच्या तपासण्या ठीक, असा नुकताच निवृत्त झालेला माणूस समोर बसला, की हे वाक्य आम्हा डॉक्टरांच्या तोंडून आपोआप निघते. ते कागदावर लिहावे लागत नाही आणि त्याचे पैसेही पडत नाहीत.

असेच एक गृहस्थ तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे आले. सारी नोकरी हिशेबाच्या वह्यांत गेलेली. मी ठरलेले वाक्य उच्चारले आणि त्यांनी ते मनावर घेतले. लहानपणी घरच्या भजनात पेटी वाजायची, ती शिकायची राहून गेली होती. ते एका क्लासला जाऊ लागले. महिन्याभराने रक्तदाब तपासायला आले, तेव्हा मी पेटीची चौकशी केली. म्हणाले, "सोडली. आठ-नऊ वर्षांच्या पोरांच्या रांगेत बसवले होते. बोट चुकले की पोरे हसायची. एकदा मास्तरही हसले. घरी पेटी काढली की सूनबाई म्हणते, बाबा, बाळ आत्ताच झोपलंय. डॉक्टरसाहेब, हे काही आपल्या वयाचे काम नव्हे."

मला उत्तर सुचले नाही. ज्या औषधाची मात्रा, पथ्य आणि त्रास मलाच ठाऊक नव्हता, ते मी देऊन मोकळा झालो होतो. त्याच वर्षी मुलगी शिक्षणासाठी बाहेरगावी गेली. तिचा कीबोर्ड माळ्यावर जायच्या बेतात होता, तो मी खाली ठेवून घेतला. माझे वय तेव्हा चोपन्न.

पहिल्या आठवड्यातच गर्व उतरला. पांढरी एकपासून सुरुवात करायची. सा, रे, ग ही पहिल्या तीन बोटांनी वाजवली, की अंगठा बोटांखालून नेऊन म वर टाकायचा. सांगायला एका ओळीचे काम, पण माझा अंगठा दर वेळी वाट चुके. टाके घालताना ज्या हाताने कधी दगा दिला नाही, तो हात सात स्वरांपुढे नवशिका ठरला.

त्यातही करंगळीशेजारची अनामिका सर्वांत आळशी. वाचकहो, एक गंमत करून पाहा. मधले बोट दुमडून पंजा टेबलावर टेकवा, बाकीच्या बोटांची टोके टेबलावर असू द्या. आता एकेक बोट उचला. अंगठा, तर्जनी, करंगळी उचलली जातील, पण अनामिका जागची हलणार नाही. बोटे उचलणाऱ्या कंडरा हाताच्या पाठीवर एकमेकींना आडव्या पट्ट्यांनी जोडलेल्या असतात, म्हणून असे होते. हा दोष वयाचा नव्हे. लहान मुलाची अनामिकाही अशीच अडते. फरक एवढाच, की त्याला त्याची लाज वाटत नाही.

मोठेपणी मेंदू नवे काही शिकत नाही, असा एक समज आहे. १९९५ साली अल्वारो पास्कुअल-लिऑन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. कधीच पियानो न वाजवलेल्या प्रौढांना पाच बोटांचा एक साधा पाठ त्यांनी दिला. रोज दोन तास, पाच दिवस. तेवढ्यातच बोटे हलवणारा मेंदूचा भाग पसरलेला आढळला. एका गटाने तर पट्टीला हात न लावता नुसता मनात सराव केला, तरी त्यांच्या मेंदूत बदल दिसला. प्रत्यक्ष वाजवणाऱ्यांइतका त्यांचा हात बसला नाही, हेही सांगितले पाहिजे. तेव्हा प्रौढ मेंदूची दारे बंद झालेली नसतात. लहानपणी शिकलेल्याची सफाई आपल्याला बहुधा येणार नाही, पण सफाई कोणाला हवी आहे? आपल्याला सभागृहात बसायचे नाही, घरात बसायचे आहे.

मग माणसे सोडून का देतात? माझे मत स्पष्ट आहे: बोटांमुळे नव्हे, लाजेमुळे. पन्नाशीपर्यंत माणूस आपल्या कामात वाकबगार झालेला असतो. लोक त्याला विचारून निर्णय घेतात. अशा माणसाला 'सारेग, रेगम' चुकत चुकत वाजवायचे आणि ते शेजारच्यांना ऐकू जाऊ द्यायचे, हे जड जाते. मी स्वतः पहिले चार महिने दवाखाना बंद झाल्यावर, आवाज अगदी बारीक करून वाजवत होतो. कंपाउंडरने एकदा विचारले, तेव्हा "यंत्र तपासतोय" म्हणून सांगितले. चोरी केल्यासारखे!

खरे तर ही पेटीसुद्धा आपल्याकडे परदेशातून, उशिरा आली. हाताने भाता चालवायची पेटी कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५च्या सुमारास तयार केली. पुढे गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या कलावंतांनी तिला मैफलीत मान मिळवून दिला. तरीही १९४० साली आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत उठायला सुरुवात झाली नाही. त्या काळात घराघरांतली आणि देवळांतली पेटी मात्र थांबली नाही. नावे ठेवणारे ठेवतात, वाजवणाऱ्याने वाजवत राहावे.

आता डॉक्टर म्हणून चार गोष्टी. पहिली आणि महत्त्वाची: पेटी हे औषध नव्हे. अमुक राग ऐकला की रक्तदाब बरा होतो, तमुक रागाने साखर उतरते, अशा जाहिरातींवर विश्वास ठेवू नये. गोळ्या चालूच ठेवाव्यात, फिरणेही चालूच ठेवावे. वाद्य शिकून रिकाम्या संध्याकाळला आकार येतो आणि उद्या काहीतरी करायचे आहे ही भावना येते. हा लाभ लहान नाही, पण तो गोळीची जागा घेत नाही.

दुसरी: रोज पंधरा-वीस मिनिटे पुरेत. रविवारी एकदम दोन तास बसण्यापेक्षा रोजचा थोडा सराव चांगला. मधल्या विश्रांतीत आणि झोपेतही बोटांची सवय पक्की होत असते.

तिसरी: गुडघे दुखत असतील, तर मांडी घालून पेटी वाजवण्याचा हट्ट नको. खुर्चीवर बसावे, पेटी किंवा कीबोर्ड कोपराच्या उंचीला ठेवावा, मनगट सरळ राहू द्यावे. हाताला मुंग्या येणे, रात्री पंजा बधिर होणे, बोट दुमडून अडकणे, यांपैकी काही झाले तर सराव थांबवून तपासून घ्यावे. मधुमेह असणाऱ्यांत या तक्रारी जास्त आढळतात.

चौथी घरच्यांसाठी. आजोबांचा किंवा आईचा सराव हा गोंगाट नव्हे. बाळ झोपले असेल तर कीबोर्डला कानाला लावायचे यंत्र जोडता येते, आवाज बेताचा ठेवला म्हणजे झाले. क्लास चालवणाऱ्यांनाही विनंती आहे, की संध्याकाळी एक तुकडी फक्त मोठ्यांची ठेवा. सहा-सात जण एकमेकांसमोर चुकू लागले, की लाज आपोआप जाते.

गेल्या पावसाळ्यात त्या गृहस्थांना मी थांबवून घेतले आणि दवाखान्याच्या मागच्या खोलीत नेले. तीन वर्षांत जेमतेम जमलेला भूप त्यांना वाजवून दाखवला. पाचच स्वर, त्यातही दोनदा चुकलो. ते मनापासून हसले. मग म्हणाले, "धैवतावर तुमची करंगळी का जाते हो?" आणि स्वतःच बोट ठेवून दाखवू लागले.

त्यांची रक्तदाबाची गोळी चालूच आहे. धडधड अधूनमधून होते. पण आता दर गुरुवारी, शेवटचा रुग्ण गेल्यावर, ते येतात. छंद लावून घ्या, असे मी अजूनही रुग्णांना सांगतो. फक्त त्यापुढे आता विचारतो, "कोणता? कोणाबरोबर? आणि पहिल्यांदा चुकलात, तर घरचे काय म्हणतील?"