नायक कारकूनच!

मी बँकेत कारकून आहे. बी.कॉम. झालो तेव्हा मॅनेजर व्हायचं ठरलं होतं. पण ते वडिलांनी ठरवलं होतं, बँकेने नव्हे. तेव्हा पुढचं लिखाण नि:पक्षपाती नाही, हे आधीच कबूल करून टाकतो.

भांडण आमच्या डॉक्टर मेहुण्यांशी आहे. 'मॅश' ही अमेरिकन मालिका त्यांनीच मला दाखवली. कोरियन युद्धातल्या ४०७७ क्रमांकाच्या फिरत्या लष्करी इस्पितळाची ही गोष्ट. युद्ध चाललं तीन वर्षं, १९५० ते १९५३. मालिका चालली अकरा, १९७२ ते १९८३. (आमच्याकडे कॅशमधल्या तीन रुपयांच्या फरकाची चौकशीही याच हिशेबाने चालते.) मेहुण्यांच्या मते मालिकेचा नायक हॉकआय पियर्स. ॲलन अल्डाने रंगवलेला हा सर्जन बोलण्यात कुणाला ऐकत नाही. मेहुण्यांना त्याच्यात स्वतःचं रूप दिसतं. दिसो बापडं! पण माझं स्पष्ट मत असं, की खरा नायक रडार ओ'रायली. आणि रडार कारकून आहे.

"म्हणजे तुम्ही!" मेहुणे म्हणाले.

हो, म्हणजे मी! पुरावे पाहा. जखमींना आणणारी हेलिकॉप्टरं सगळ्यांच्या आधी ऐकू येतात रडारला. कर्नल हेन्री ब्लेक तोंड उघडायच्या आत त्यांचं वाक्य पुरं करतो रडार. तो कागद पुढे सरकवतो, कर्नलसाहेब न वाचता सही ठोकतात. ते पाहून मला गहिवरून आलं. अगदी आमची शाखा!

"पण भाऊजी, ऑपरेशन कोण करतं?"

डॉक्टर करतात. पण फोनवर अजीजी करून, याचं त्याला देऊन सामान मिळवतो कोण? शिवाय फ्रँक बर्न्सही डॉक्टरच होता. लॅरी लिनव्हिलने १९७७ साली मालिका सोडली आणि बर्न्स गेला, तेव्हा कुणाचं काही अडलं नाही. १९७९ साली गॅरी बर्गॉफचा रडार घरी गेला आणि ती खुर्ची क्लिंगरला मिळाली, तेव्हा मात्र कागदांचा असा घोळ झाला की विचारू नका. हा क्लिंगर वेडा ठरून घरी जाता यावं म्हणून वर्षानुवर्षं बायकांचे झगे घालून फिरत होता. कारकून झाल्यावर हळूहळू झगे सुटले. वेडं व्हायला आता दुसरी सोय झाली होती.

आता एकच प्रसंग सांगतो, विनोद बाजूला ठेवून. १९७५ सालचा भाग. सुटका होऊन ब्लेक घरी निघतात. शस्त्रक्रिया चालू असताना रडार मास्क न लावताच आत येतो आणि हातातला कागद वाचतो. ब्लेक यांचं विमान जपानच्या समुद्रावर पाडलं गेलं, कुणी वाचलं नाही. या मालिकेला खोटं हसू जोडलेलं असे. पण शस्त्रक्रियेच्या खोलीत ते नको, हे निर्मात्यांनी वाहिनीकडून कबूल करून घेतलं होतं. तिथे फक्त एक हत्यार खाली पडल्याचा आवाज येतो. डॉक्टरांचे हात पुन्हा कामाला लागतात. बातमी सांगायचं काम कारकुनाचं.

ते काम मला ठाऊक आहे. खात्यावर 'मयत' असं लिहितो तो मीच. पासबुक घेऊन आलेल्या बाईंना "बसा" म्हणतो, तोही मीच.

त्याच युद्धात भारताची ६० पॅराशूट फील्ड अँब्युलन्स होती. तिचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल रंगराज यांना महावीरचक्र मिळालं, योग्यच झालं. पण तिच्या कारकुनाचं नाव मेहुण्यांना सांगता येईना. मलाही येईना, आणि त्याची मात्र लाज वाटली.

मेहुणे बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "भाऊजी, माझं ते केवायसी राहिलंय. जरा बघाल का?"

बघितलं. फॉर्म भरून पुढे सरकवला.

मेहुण्यांनी न वाचता सही केली.