चार तळहातांवरची गाडी

आमच्या संभाजीनगरला गाड्यांचं वेड आहे, हे काही आता गुपित राहिलेलं नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये, तेव्हाच्या औरंगाबादेत, लोकांनी एकत्र येऊन एका दमात १५० मर्सिडीज घेतल्या आणि गाव देशभर गाजलं. स्कोडाची ऑक्टाव्हिया इथंच शेंद्र्याला जोडली जायची, आणि वाळूजला गुडइयरचा टायरचा कारखाना. म्हणजे गाडीही गावची, टायरही गावचा! पण गाडीवाल्यांच्या गप्पा ऐका, सगळ्या हॉर्सपॉवर नाहीतर सनरूफवर. टायर आठवतो तो पंक्चर झाल्यावरच.

माझं मत जरा उलटं आहे. दमदार गाडी घेतलीत ना, मग खर्चात पहिला मान टायरचा.

साधा हिशोब बघा. प्रत्येक टायर रस्त्याला टेकतो तो साधारण तळहाताएवढा. पळणं, वळणं, थांबणं, सगळं या चार तळहातांच्या जोरावर. २०१७ च्या ऑक्टाव्हिया आरएसमध्ये २३० हॉर्सपॉवर, आणि ती सगळी पुढच्या दोन चाकांवर. वळायचं कामही त्यांचंच. भर वळणात ॲक्सिलरेटर दाबला की पकड ओढण्यातच खर्च होते आणि गाडी वळायचं सोडून नाकासमोर निघते. एबीएस, ईएसपी असेल ती पकड नीट वाटून देतात, नवी कुठून आणणार? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

समृद्धी महामार्गावर कारला १२० ची मर्यादा आहे. १२० वरून, कोरड्या रस्त्यावर, चांगल्या टायरवर, ब्रेक लागल्यापासून थांबायला साधारण ७० मीटर लागतात. पकड निम्मी झाली की अंतर दुप्पट. टायरवर १.६ मिलिमीटर खाच असली की कायद्याचं समाधान होतं, पण भर पावसात पाणी बाजूला सारायला ती अपुरी पडते. आणि मे महिन्यात हवा कमी असेल तर टायर प्रत्येक फेरीला वाकतो, तापतो आणि शेवटी फुटतो. सिमेंटच्या रस्त्याला शिव्या देण्याआधी हवा तपासावी, इतकंच म्हणतो.

मग जितकी पकड जास्त तितकी मजा जास्त? इथेच तर गंमत आहे. टोयोटाने २०१२ साली जीटी ८६ ही स्पोर्ट्स कार काढली आणि तिला मुद्दाम बेताच्या पकडीचे टायर दिले, त्यांच्या प्रिअसला मिळायचे तसले! कारण मजा वेगात नसते, टायर काय सांगतोय ते हाताला कळण्यात असते. चांगला टायर आधी कुरकुरतो, स्टिअरिंग हलकं पडतं, मग सुटतो. जुना, कडक झालेला टायर न सांगताच हात सोडतो. म्हणजे जो टायर मजा देतो तोच जीवही वाचवतो. हे बोलणं दौलताबादच्या घाटात चाळिसच्या वेगातही ऐकू येतं. त्याचा शेवट शोधायचा असेल तर चेन्नईजवळच्या रेस ट्रॅकवर जावं, घाटात समोरून एसटी येते.

असो. भाचेमंडळी, हे खास तुमच्यासाठी. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. आज खाली जाऊन आपल्या गाडीचे आकडे बघा, आणि काय निघालं ते मला कळवा.