लाल की हिरवं?

ग्राफिक्स कार्ड या विषयावर मी लिहावं यात थोडा आगाऊपणा आहे, हे आधीच कबूल करतो. उभा जन्म शाळेत मराठी आणि इतिहास शिकवण्यात गेला. संगणकाशी संबंध आला तो निवृत्तीनंतर, तोही देवनागरीत टाइप करण्यापुरता. पण 2023 च्या दिवाळीत माझ्याकडून एक चूक होता होता राहिली, आणि ती चूक फक्त कार्डापुरती नव्हती असं मला अजून वाटतं. म्हणून हा खटाटोप.

झालं असं. माझी नात अ‍ॅनिमेशन शिकते. ब्लेंडर नावाचं एक सॉफ्टवेअर ती वापरते (ते फुकट मिळतं, हे ऐकून मला फार बरं वाटलं होतं). त्यात उभं केलेल्या दृश्याचं शेवटचं पक्कं चित्र काढायचं, याला ते लोक ‘रेंडर’ म्हणतात. तिच्या संगणकावर पाच-सहा सेकंदांच्या तुकड्याला अख्खी रात्र जायची, आणि सकाळी बघावं तर मधेच बंद पडलेलं. तेव्हा एक मुदत ठेव मोडायला आली होती. मी जाहीर करून टाकलं, की यंदाची ओवाळणी म्हणजे ग्राफिक्स कार्ड. बजेट पस्तीस हजार.

आता, पस्तीस हजार खर्च करायचे तर अभ्यास नको? मास्तरचा स्वभाव! महिनाभर वाचत बसलो.

पहिली गोष्ट ध्यानात आली ती ही, की इथे दोन तट आहेत. एनव्हिडियावाले हिरवे आणि एएमडीवाले लाल. अलीकडे, म्हणजे 2022 पासून, इंटेलची निळी पताकाही आली आहे, पण ते मंडळ अजून नवं. या दोन तटांची भांडणं वाचली की शेजारशेजारच्या दोन गणपती मंडळांची आठवण येते. ज्याची वर्गणी जिथे दिली तिथलीच मूर्ती देखणी. गंमत म्हणजे एनव्हिडियाचे जेन्सन हुआंग आणि एएमडीच्या लिसा सू, दोघांचाही जन्म तैवानचा, आणि दोघं एकमेकांचे दूरचे नातेवाईक. म्हणजे आपल्या भाषेत ही चक्क भाऊबंदकी! शिवाय दोघांचेही चिप बनवायचे स्वतःचे कारखाने नाहीत. आराखडा यांचा, घडणावळ दुसऱ्याची. बहुतेक काम तैवानच्या टीएसएमसीकडे जातं. एनव्हिडियाची तीस-मालिकेतली कार्डं मात्र सॅमसंगने घडवलेल्या चिपवर चालतात.

पुढे कळलं, की डब्यावर जे ठळक नाव असतं ते बऱ्याचदा या दोघांचं नसतंच. असूस, एमएसआय, गिगाबाइट, झोटॅक, सॅफायर ही मंडळी चिप आणतात, तिच्याभोवती बोर्ड, मेमरी, पंखे बसवतात आणि आपलं नाव लावून विकतात. म्हणजे एकाच वस्तूला दोन ब्रँड. कार्ड काय करू शकतं हे पहिल्या नावावर ठरतं. ते किती तापतं, पंख्याचा आवाज किती येतो आणि बिघडलं तर दाद कुणाकडे मागायची, हे दुसऱ्या नावावर. गिऱ्हाईक या दोन्हींची गल्लत करतं, आणि दुकानदार ती होऊ देतो.

इतिहासाचा मास्तर असल्यामुळे जुनं खोदल्याशिवाय राहवलं नाही. 1996 साली थ्रीडीएफएक्स नावाच्या कंपनीचं व्हूडू कार्ड आलं, आणि पुढची दोन-तीन वर्षं गेम खेळणारी पोरं त्या नावाने वेडी झाली होती. 2000 च्या डिसेंबरात त्या कंपनीने आपला बाडबिस्तरा एनव्हिडियाला विकायचं ठरवलं. खेळ खलास. 1985 मध्ये कॅनडात सुरू झालेली एटीआय 2006 मध्ये एएमडीने विकत घेतली, आणि 2010 पासून कार्डांवरून ते नावही पुसलं. ईव्हीजीए ही कंपनी तर गिऱ्हाइकांची लाडकी. तिने 2022 च्या सप्टेंबरात ग्राफिक्स कार्डांचा धंदाच सोडला. तेव्हा ‘मी अमक्याच कंपनीचा’ असं म्हणणाऱ्याने जरा जपून म्हणावं. कंपनी तुमची नसते.

डब्यावरच्या आकड्यांवर तरी भिस्त ठेवावी का? तिथेही मौज आहे. 2014 साली आलेल्या जीटीएक्स 970 वर चार जीबी मेमरी लिहिलेली होती. होती ती चारच, पण शेवटची अर्धी जीबी फारच संथ चालायची. 2015 च्या जानेवारीत हे उघड झालं. अमेरिकेत लोक कोर्टात गेले, आणि 2016 मध्ये कंपनीने तिथल्या गिऱ्हाइकांना प्रत्येक कार्डामागे तीस डॉलर द्यायचं कबूल केलं. 2016 चंच जीटीएक्स 1060 तीन आणि सहा जीबीत मिळायचं. वाटावं फरक मेमरीचा. प्रत्यक्षात तीन जीबीवाल्याच्या चिपमधले गणिती कोअरही कमी, 1280 च्या जागी 1152. नाव मात्र तेच! 2022 मध्ये ‘4080’ हे एकच नाव दोन वेगळ्या चिपांना द्यायचा घाट घातला गेला. ओरड झाल्यावर त्यातलं बारा जीबीचं कार्ड बाजारात यायच्या आधीच मागे घेतलं.

एवढं वाचल्यावर माझं मत पक्कं झालं. हिरव्यांचा मोठेपणा म्हणजे निव्वळ नावाचा बोलबाला. माझ्या पैशांत एएमडीचं आरएक्स 6700 एक्सटी बसत होतं. बारा जीबी मेमरी, आणि गेममध्ये त्याच किमतीच्या हिरव्यांपेक्षा वेगवान. मी नातीला बोलावलं आणि तासभर व्याख्यान दिलं. नावाला भुलू नये, जाहिरातीचा परिणाम, मैत्रिणींकडे आहे म्हणून आपल्यालाही हवं, हे सगळं सगळं. ती एनव्हिडिया म्हणत होती. मध्ये एकदा म्हणाली, “आबा, पण माझं काम...” मी म्हटलं, “आधी पूर्ण ऐकून घे.” तिने ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, “तुम्ही म्हणाल ते घ्या.”

चाळीस मुलांच्या वर्गात हे वाक्य मी अनेकदा ऐकलेलं आहे. ‘कळलं’ असा त्याचा अर्थ कधीच नसतो. ‘आता पुरे’ असा असतो. पण त्या दिवशी ते माझ्या कानावरून गेलं.

डोंबिवलीहून निघालो, दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोड गाठला. (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग आहे, पण तसं म्हणून पत्ता विचारलात तर कुणी सांगेलसं वाटत नाही.) दुकानातल्या पोराने मी सांगितलेलं कार्ड काढलं आणि मला नाही, तिला विचारलं, “करते काय ह्याच्यावर?”

ती म्हणाली, “ब्लेंडर. सायकल्समध्ये रेंडर.”

“मग हे कशाला घेता? काका, गेमिंगला हे एक नंबर. पण हिच्या कामाला कुडा लागतं.”

मला कुडा ठाऊक तो पोटासाठी उगाळतात तो, जहर कडू. हा कुडा निराळा. एनव्हिडियाने 2007 मध्ये आपल्या चिपकडून गणिताची इतर कामं करून घेण्यासाठी बाजारात आणलेली ही यंत्रणा. तिच्यावर आणि तिच्या पुढच्या साधनांवर रेंडरिंगची सॉफ्टवेअरं वर्षानुवर्षं घासूनपुसून तयार झालेली आहेत. एएमडीची स्वतःची सोय ब्लेंडरमध्ये 2021 च्या डिसेंबरपासून आहे, काम होतंही, पण त्या किमतीच्या कार्डांत वेग बराच मागे पडतो. गेममध्ये जे कार्ड पुढे, तेच तिच्या कामात मागे. मी महिनाभर तुलना वाचल्या त्या सगळ्या गेमच्या होत्या. आणि माझी नात गेम खेळतच नाही!

मग पुढचा प्रश्न आला, “एसएमपीएस किती वॅटचा?” साडेचारशेचा. मी निवडलेल्या कार्डाला कंपनी साडेसहाशेचा सुचवते. हेही मी पाहिलं नव्हतं.

शेवटी घेतलं ते आरटीएक्स 3060, बारा जीबीचं. त्याच वर्षी आलेलं 4060 नवं, वीजही कमी खाणारं, 170 च्या जागी 115 वॅट. पण त्यावर मेमरी आठच जीबी, आणि नातीची दृश्यं आठमध्ये मावत नव्हती. सोबत साडेपाचशेचा एसएमपीएस. बजेटमध्ये बसलं.

आता कुणी म्हणेल, म्हणजे शेवटी हिरवेच जिंकले ना? जिंकले खरे, पण मला त्याचा पुरता आनंद नाही. आमच्या शाळेच्या स्मरणिकेचा मजकूर एकदा आम्ही एका कंपनीच्या मराठी फाँटमध्ये टाइप करून छापखान्यात दिला. तिथे तो फाँट नव्हता. उघडलं तर मुख्याध्यापकांचं मनोगत म्हणजे नुसती चिन्हांची खिचडी. पुन्हा सगळं टाइप केलं. युनिकोड आला तेव्हा कुठे आपली अक्षरं एका कंपनीच्या दावणीतून सुटली. कुडाची गोष्ट त्याच जातीची आहे. एकदा सगळं काम एकाच्या पद्धतीने बांधलं, की दुसऱ्याची वस्तू स्वस्त आणि चांगली असूनही घेता येत नाही. ओपनसीएल नावाचा सर्वांसाठी खुला मार्ग 2008 पासून आहे, पण ब्लेंडरनेही तो 2021 मध्ये सोडून दिला. म्हणून लाल आणि निळे टिकावेत असं मला मनापासून वाटतं. एकच दुकान उरलं की भाव तोच ठरवतो. मात्र बाजार सुधारायची जबाबदारी एका विद्यार्थिनीच्या दिवाळीवर टाकावी, हे मला पटत नाही.

तेव्हा माझं मत एवढंच. ब्रँड हा शेवटचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, काम काय? दुसरा, त्या कामाचं सॉफ्टवेअर कशावर नीट चालतं? तिसरा, मेमरी किती लागते? चौथा, आपल्या पेटीत ते मावतं का आणि एसएमपीएस झेपतो का? पाचवा, बिघडलं तर आपल्या गावात कोण दुरुस्त करून देणार? जीएसटीचं बिल घ्यावं, त्यावर कार्डाचा सीरियल नंबर आहे ना ते दुकानातच बघावं. जुनं कार्ड स्वस्तात मिळतंय म्हणून हुरळू नये. 2022 च्या सप्टेंबरात इथेरियमचं मायनिंग बंद पडल्यावर रात्रंदिवस राबलेली कितीतरी कार्डं विक्रीला आली. आणि गेमच खेळायचे असतील तर लाल डबा खुशाल घ्यावा, हिरव्यांना भिऊ नये.

परत येताना गाडीत खिडकी मिळाली. डबा मांडीवर घेऊन ती बसली होती. मी म्हटलं, “त्या दिवशी तू मध्ये काहीतरी सांगत होतीस. माझं काम, म्हणून.”

“जाऊ दे ना आबा.”

“नाही, सांग. आता ऐकतो.”

दादरपासून डोंबिवलीपर्यंत ती बोलत होती. निम्मं मला कळलं नाही. पण मध्ये बोललो नाही.