नावाच्या आधीचे दोन दिवस

31 मे 2020 रोजी अरबी समुद्रावर कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले. 1 जूनच्या पहाटे ते तीव्र होऊन त्याचे डिप्रेशन झाले, 2 जूनच्या पहाटे डीप डिप्रेशन, आणि त्याच दिवशी दुपारी त्याला ‘निसर्ग’ हे नाव मिळाले. 3 जूनला दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान हे वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनारा ओलांडून रायगड जिल्ह्यात घुसले. नाव पडल्यापासून जमिनीवर येईपर्यंत त्याने जेमतेम एक दिवस दिला. ओडिशाच्या किनाऱ्यावर धडकणारी बरीचशी वादळे बंगालच्या उपसागरात दूर जन्मतात आणि चार-पाच दिवसांचा प्रवास करून येतात. कोकणाच्या समोर जन्मलेल्या वादळाकडे एवढी सवड नसते.

तरीही आपल्याकडची धावपळ बहुतेक वेळा नाव पडल्यावरच सुरू होते. वाहिन्यांवर फिरते लाल वर्तुळ दिसू लागते, मंत्रालयात बैठका लागतात, गावागावांत रिक्षावरून ध्वनिक्षेपक फिरतो. भारतीय हवामान खाते वाऱ्याचा सततचा वेग ताशी 62 किलोमीटरच्या वर गेला की वादळाला नाव देते. प्रशासनाच्या सोयीसाठी आखलेली ती एक रेघ आहे. तिच्या अलीकडे समुद्रात जे काही घडलेले असते, त्यावरच पुढचे बरेचसे ठरते. म्हणून कोकणातल्या यंत्रणेने नावाची वाट पाहणे सोडून डिप्रेशनच्या टप्प्यालाच कामाला लागायला हवे.

वादळाचे इंधन म्हणजे समुद्राची ऊब. पृष्ठभागाचे पाणी साधारण साडेसव्वीस अंश सेल्सिअसपेक्षा गरम असावे लागते, आणि ही ऊब वरवरची असून भागत नाही. ती सुमारे 50 मीटर खोलीपर्यंत असावी लागते. अशा पाण्यावरून बाष्पाने भरलेली हवा वर चढते. उंचावर बाष्पाचे पुन्हा पाणी होते आणि त्यात साठलेला अप्रकट उष्मा मोकळा होतो. उकळत्या पाण्यापेक्षा वाफेचा चटका जास्त भाजतो, तो याच उष्म्यामुळे. त्याने भोवतालची हवा तापते, हलकी होते आणि आणखी वेगाने वर जाते. खाली समुद्रालगत दाब उतरतो. ती जागा भरायला चहूबाजूंनी वारे धावतात आणि येताना समुद्रावरून नवे बाष्प उचलून आणतात.

धावणारे वारे सरळ केंद्रात पोचले, तर दाबाची ती खळगी भरून निघेल आणि प्रकरण तिथेच मिटेल. पृथ्वीचे फिरणे तसे होऊ देत नाही. उत्तर गोलार्धात वारे उजवीकडे वळतात, त्यामुळे ते केंद्राभोवती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने घुमू लागतात. विषुववृत्तालगत हे वळण इतके क्षीण असते की उत्तर-दक्षिण पाच अंशांच्या आत वादळे क्वचितच जन्मतात. पुरेसा जोर आला की मधोमध डोळा उघडतो. तिथे वारा मंद असतो, कधी आकाशही दिसते. डोळ्याभोवती उंच ढगांची भिंत उभी राहते आणि सर्वांत जोराचा वारा त्या भिंतीतच असतो. डोळा ज्या गावावरून जातो तिथे आधी एका बाजूने वारा झोडपतो, मग शांतता पसरते आणि पुन्हा उलट बाजूने तडाखा बसतो. आधीच्या वाऱ्याने मुळापासून हललेली झाडे या दुसऱ्या फेरीत आडवी होतात.

एवढी ऊब आणि एवढे बाष्प असूनही जुलै-ऑगस्टच्या धुवांधार पावसात कोकणाला चक्रीवादळ का गाठत नाही? कारण वादळाचा हा खांब उभा राहायला खालचे आणि वरचे वारे साधारण जुळलेले लागतात. ऐन पावसाळ्यात खाली नैर्ऋत्य मोसमी वारे जोरात वाहतात, आणि बारा-पंधरा किलोमीटर उंचीवर नेमक्या उलट दिशेचा, पूर्वेकडून येणारा वेगवान झोत असतो. वर-खालच्या या ओढाताणीत खांब कलंडतो आणि उष्मा एका जागी साठत नाही. म्हणून वादळांचे हंगाम दोन: मोसमी पाऊस स्थिरावण्याआधी मे आणि जूनचा पूर्वार्ध, आणि पाऊस परतल्यावर ऑक्टोबर ते डिसेंबर. ‘फयान’ नोव्हेंबर 2009 मध्ये आले, ‘निसर्ग’ जूनमध्ये, ‘तौक्ते’ मे 2021 मध्ये.

अरबी समुद्र एरवी बंगालच्या उपसागरापेक्षा गरीब मानला जाई, आणि त्याला कारणे होती. सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्याजवळ मोसमी वाऱ्यांमुळे खोलवरचे थंड पाणी वर येते, आणि अरबस्तानच्या वाळवंटावरची कोरडी हवा ढगांना सुकवते. जी वादळे व्हायची त्यांतली बरीच ओमान-येमेनकडे किंवा गुजरातकडे वळायची. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मात्र वेगळे चित्र दिसले. अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या 2001 ते 2019 या काळात 52 टक्क्यांनी वाढली, आणि ती टिकून राहण्याचा एकूण काळ 80 टक्क्यांनी. बंगालच्या उपसागरात त्याच काळात संख्या किंचित घटली. 2019 या एकाच वर्षात अरबी समुद्रात पाच चक्रीवादळे झाली. त्यांतले ‘क्यार’ ऑक्टोबरात महाचक्रीवादळाच्या श्रेणीला पोचले. ते कोकणात उतरले नाही, तरी त्याच्या पावसाने कापणीला आलेले भात शेतातच भिजवले.

संख्येपेक्षा जास्त काळजीची बाब आहे वेग पकडण्याची. ‘तौक्ते’ 14 मे 2021 रोजी डिप्रेशन होते. 17 मेच्या पहाटे ते अतितीव्र श्रेणीत गेले होते. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की पत्र्यावर, खांबावर, झाडावर पडणारा जोर चौपट होतो. वादळ कुठे जाणार, हे सांगण्यात हवामान खात्याने गेल्या दोन दशकांत खूप मजल मारली आहे. ते किती लवकर भडकणार, हे सांगणे जगभर अजून अवघड आहे. अमेरिकेत त्यासाठी विमाने थेट वादळात शिरून मोजमाप घेतात. आपली भिस्त मुख्यतः उपग्रहांची चित्रे, समुद्रात तरंगणारी उपकरणे आणि किनाऱ्यावरचे रडार यांच्यावर आहे. अंदाजातली ही उणीव तयारीने भरून काढावी लागते.

नावाच्या मागे लागल्याने काय होते, ते 2025 मध्ये स्वच्छ दिसले. मे महिन्यात कोकणासमोर कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले आणि समाजमाध्यमांवर ‘शक्ती’ चक्रीवादळ येणार म्हणून गलका झाला. ते चक्रीवादळ झालेच नाही. डिप्रेशनच्या टप्प्यावर असतानाच 24 मे रोजी त्याने रत्नागिरी-दापोलीच्या दरम्यान किनारा ओलांडला. नाव मिळाले नाही म्हणून त्याचा पाऊस काही कमी पडला नाही. पुढे ऑक्टोबरात ‘शक्ती’ नावाचे वादळ खरोखर अरबी समुद्रात झाले, तेव्हा ते किनाऱ्यापासून दूर जाऊन समुद्रातच विरले. ज्याला नाव नव्हते ते किनाऱ्यावर आले आणि ज्याला नाव होते ते गेले.

समुद्रात असलेल्यांसाठी तर हा फरक जिवावर बेततो. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की काठावरचा नाखवा होडी बाहेर काढत नाही. पण जो आधीच दोन दिवसांच्या अंतरावर जाळे टाकून बसला आहे, त्याला बावटा दिसत नाही, आणि किनाऱ्यापासून काही मैलांवर मोबाइलची रेंजही संपते. 30 नोव्हेंबर 2017 रोजी ‘ओखी’ कन्याकुमारीजवळ काही तासांत डीप डिप्रेशनचे चक्रीवादळ झाले. केरळ आणि तमिळनाडूचे शेकडो मच्छीमार तेव्हा खोल समुद्रात होते. कित्येक परतले नाहीत, आणि भरकटलेल्या अनेक होड्यांनी थेट सिंधुदुर्गातल्या देवगडचा आसरा घेतला. ‘तौक्ते’च्या वेळी इशारा वेळेत आला होता. तरीही मुंबईसमोरच्या तेलक्षेत्रात पी-305 हा तराफा 261 माणसांसह समुद्रातच राहिला, बुडाला आणि 70हून अधिक जणांचा जीव गेला. पहिल्या घटनेत निरोप पोचला नाही, दुसऱ्या घटनेत पोचून उपयोग झाला नाही.

ओडिशाने वेळेआधी तयारीचा धडा फार मोठी किंमत मोजून घेतला. ऑक्टोबर 1999च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसे गेली. त्याच वर्षी राज्याने आपत्ती व्यवस्थापनासाठी स्वतंत्र प्राधिकरण उभे केले. पुढे किनाऱ्यालगत खांबांवर उभे बहुउद्देशीय निवारे बांधले, गावोगावी स्वयंसेवकांची पथके तयार केली. 2013 मध्ये ‘फायलिन’ आले तेव्हा सुमारे दहा लाख लोकांना आधीच हलवले गेले, आणि मृतांचा आकडा शंभरच्या आत राहिला.

कोकणाला ओडिशाची नक्कल करून चालणार नाही. इथला किनारा खडकाळ आहे, खाड्यांचा आहे, डोंगर जवळ आहेत. समुद्राची लाट बंगालसारखी कित्येक किलोमीटर आत घुसत नाही. इथे माणसापेक्षा जास्त मार खाते ती वाडी. श्रीवर्धन-हरिहरेश्वरकडच्या वाडीत सुपारी एकटी नसते. वर माडाची सावली, खाली सुपारीच्या रांगा, खोडांवर चढवलेले मिरवेल, मधे जायफळ. माड पडला की तो सुपारीच्या रांगेवर पडतो. उरलेल्या झाडांवरची सावली जाते आणि कोवळी खोडे उन्हाने करपतात. नवी सुपारी धरायला पाच-सात वर्षे लागतात. ‘निसर्ग’नंतर भरपाईचा हिशेब हेक्टरवर निघाला, आणि इथल्या वाड्या गुंठ्यांत मोजल्या जातात. झाडांच्या संख्येवर भरपाई द्यावी, ही मागणी तिथूनच पुढे आली आणि ती रास्त होती. वाकलेल्या खांबांमुळे कित्येक गावे अनेक दिवस विजेविना राहिली. वीज नाही म्हणून पाण्याचा पंप नाही, मोबाइलचा मनोरा बंद, आणि मदत मागायचीही सोय नाही.

डिप्रेशनपासूनच हालचाल सुरू केली तर फुकाच्या धावपळी वाढतील, हा आक्षेप खरा आहे. कमी दाबाची कित्येक क्षेत्रे काहीच न होता विरतात. दर वेळी होड्या परत बोलावल्या तर डिझेल आणि बर्फाचे पैसे बुडतात ते नाखव्याचे, आणि दोनदा लांडगा न आलेल्या गावात तिसऱ्यांदा कोणी घर सोडत नाही. पण पहिल्याच टप्प्याला घरे रिकामी करा, असे कोणी म्हणत नाही. हवामान खात्याची इशारापद्धतच पायऱ्यांची आहे: 72 तास आधी पूर्वसूचना, 48 तास आधी सावधगिरीचा इशारा, 24 तास आधी प्रत्यक्ष इशारा. त्या पायऱ्यांना कामे जोडायची आहेत. डिप्रेशन झाल्याबरोबर दूरच्या होड्यांना उपग्रहावरून निरोप, मनोऱ्यांच्या जनित्रांत डिझेल, रुग्णालयात प्राणवायू आणि तालुक्याच्या गोदामात पत्रे, ताडपत्री, करवती. ही कामे वाया गेली तरी खर्च थोडा असतो. परत बोलावलेल्या होडीला त्या दिवसाचा ठरावीक भत्ता द्यावा. जीव गेल्यावर वारसांना द्याव्या लागणाऱ्या रकमेपुढे तो किरकोळ आहे. लोकांना हलवण्याचा निर्णय पुढच्या पायरीवर, तेव्हाचा अंदाज पाहून घ्यावा.

काही कामांना तर कुठल्याच इशाऱ्याची गरज नाही. राष्ट्रीय चक्रीवादळ जोखीम निवारण प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्राचा समावेश झाला आणि अलिबागसारख्या शहरात भूमिगत वीजवाहिन्यांचे काम हाती घेतले गेले. तेच श्रीवर्धन, मुरूड, दापोली, हर्णैपर्यंत न्यावे लागेल. तारांवर आलेल्या फांद्या छाटणे हे तर दर सप्टेंबरच्या अखेरीस, ऑक्टोबरचा हंगाम उघडण्याआधी, ग्रामपंचायत आणि महावितरणने मिळून आठवडाभरात उरकण्यासारखे काम आहे. किती किलोमीटर तारा मोकळ्या केल्या आणि किती राहिल्या, याचा तालुकावार तक्ता जिल्हाधिकाऱ्यांनी 1 ऑक्टोबरला जाहीर करावा.